आधी मागचे पाय

केजच्या स्टँडवर एसटीतून उतरून गावाकडच्या जीपमध्ये बसावं, आणि धारूरच्या डोंगराची कड दिसायला लागली की खिडकीतून धूर आत यावा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या कोवळ्या ज्वारीचा. जीपमध्ये आम्ही चौदा जण कोंबलेले असतो, पण तो वास आला की सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळतात. मग कुणीतरी म्हणतंच, "पेटली आगटी कुणाची तरी." यंदाही तसंच झालं. शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी सावरत मला विचारलं, "हुरड्याला आलीस का गं माय?" मी हो म्हणाले. दरवर्षी मी हुरड्यालाच येते. दिवाळी एखादी चुकते, हुरडा नाही.

हुरडा असतो किती दिवसांचा? दोन-तीन आठवड्यांचा. कणसातला दाणा दुधाळ असेपर्यंतच. तो टणक झाला की तीच ज्वारी भाकरीची होते. आगटीच्या खड्ड्यातल्या निखाऱ्यात कणीस खुपसायचं, बाहेर काढून तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारून हिरवे, गरम दाणे तोंडात टाकायचे. हात काळे होतात, ओठ काळे होतात. माझ्या आठवणीत मात्र एका हुरड्याला याच वासात प्लास्टरचा आणि तापलेल्या लॅपटॉपचा वास मिसळलेला आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ तपासायच्या कामाला नुकतीच लागले होते. तपासायचं म्हणजे दिवसभर खेळायचं, पण जिंकण्यासाठी नाही. कुठे काय बिघडतंय ते हुडकायचं आणि लिहून द्यायचं. असा बिघाड म्हणजे बग. आमचा खेळ शेतीचा होता. खेळणाऱ्यानं रान करायचं, गाई-म्हशी-शेळ्या पाळायच्या, बाजार करायचा. मला तिथे ठेवायचं की नाही, ते चार महिन्यांनी ठरणार होतं. दोन महिने संपले होते, आणि मी लिहून दिलेले बहुतेक बग माझ्याआधी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले निघत होते.

तेवढ्यात आप्पांचा, म्हणजे वडिलांचा फोन आला. "मने, तुझी आई हौदापाशी घसरली. पाय मोडलाय. घाबरू नको." ते इतकं हळू बोलत होते की मी जास्तच घाबरले. घरून काम करायची परवानगी काढली आणि निघाले.

आई ओसरीत बाजेवर होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. आईला मी आयुष्यात कधी दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. ती बसली तरी शेंगा फोडत बसायची. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. भाकरी दिली तर अर्धी ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "भूक न्हाई."

तिला पायाची काळजी नव्हती. तिला भुरीची काळजी होती. भुरी आमची म्हैस. तिच्या आईचं दूध पिऊन मी मोठी झाले आणि भुरीला आईनं वगार, म्हणजे एवढंसं रेडकू असल्यापासून वाढवलं. ती गाभण होती, शेवटचा महिना लागला होता. याआधी ती दोनदा व्याली, दोन्ही वेळा आईच्याच हाताखाली. आता बाजेवरून आईला गोठ्याचा निम्माच भाग दिसायचा. भुरीचे मागचे पाय आणि शेपटी. दिवसभर ती त्या शेपटीकडे बघायची.

आप्पा रानात जायचे. मी बाजेशेजारी खुर्ची टाकून लॅपटॉपवर काम करायचे. आमच्या खेळातल्या जनावरांची त्या दिवसांत अवस्था बिकट होती. एक गाय रोज सकाळी घराच्या छपरावर सापडायची. कोंबड्या भिंतीतून आरपार जायच्या. एकदा एक शेळी चारही पाय आभाळाकडे करून, पाठीवर घसरत, तळ्यावरून पलीकडे निघाली. शांतपणे, जशी बाजाराला निघालीय.

"ती काय करायली गं?" मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. आई कोपरावर उठून स्क्रीनकडे बघत होती.

"चरायला चाललीय," मी म्हटलं.

आईनं पुन्हा पाहिलं. शेळी पलीकडच्या काठाला लागली आणि तशीच उलटी उलटी डोंगर चढायला लागली. आईच्या तोंडून आधी एक 'हुं' निघाला. मग ती हसायला लागली. पदर तोंडावर धरून, प्लास्टरचा पाय बाजेवर आपटत, "अगं बया, अगं बया" करत हसली. पाय दुखला म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली. आप्पा रानातून आले तर दारातच थांबले. आठ दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी आईनं विचारलं, "उघडलं का न्हाई तुझं दुकान?"

मला वाटलं तिला गमती बघायच्यात. मी छपरावरची गाय दाखवली, भिंतीतली कोंबडी दाखवली. एकदा हसली, दुसऱ्यांदा नाही. ती भलतीकडेच बघत होती. झाडाखाली बसलेल्या एका गाईकडे. माझ्या मते त्या गाईत काहीच चूक नव्हती.

"ही मेली का?"

"नाही गं, बसलीय."

"मग कान कावून हालत न्हाईत? तुमच्या तिकडं माशा न्हाईत का?"

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिचं खरं होतं. मी दोन महिने त्या गाई बघत होते आणि त्यांचे कान मी पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी आईनं बाजेवरून एकेक गोष्ट सांगितली आणि मी टाइप करत गेले. गाय रवंथ करताना जबडा वर-खाली नाही, आडवा फिरतो. शेळी गवतात मान घालून गाईसारखी चरत नाही, तिला झुडपाचा पाला लागतो, ती मागच्या पायांवर उभी राहून ओरबाडते. भर उन्हात म्हैस उघड्यावर उभी आहे आणि बाजूला तळं असून ती पाण्यात जात नाही, "ती म्हैस न्हाई मग, म्हशीचं सोंग हाय." मग झाडाखालची ती गाय उठली आणि आई जवळजवळ ओरडलीच, "घोड्यावानी उठली की ही!"

"म्हणजे?"

"आगं, घोडं आधी पुढचे पाय टेकून उठतं. गाय-म्हैस आधी मागनं उठतेत. गुडघ्यावर येतेत, ढुंगण वर, मग पुढचे पाय. शेण काढत मोठी झालीस ना तू?"

मी शेण काढत मोठी झाले होते, पण हे मला सांगता आलं नसतं. किती हजार वेळा भुरी माझ्यासमोर उठली असेल! मी तो बग लिहून पाठवला. तासाभरात परत आला. आमच्या खेळातली जनावरं चालवण्याचं काम तन्मय नावाच्या मुलाचं. तो पुण्यात वाढलेला, हुशार आणि थोडा तिरसट. त्यानं शेरा मारला होता : 'हा बग नाही. गाय अशीच उठते.'

मी आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "त्याच्या घरी हाय का गाय?"

"नाही."

"मग दाखव त्याला."

मी मोबाइल घेऊन गोठ्यात गेले. भुरी बसलेली होती. मी समोर उकिडवी बसले, कॅमेरा सुरू करून. भुरी माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली. पंधरा मिनिटं. अर्धा तास. मी "उठ की गं" म्हटलं, तिनं कान हलवला. मी वैरण दाखवली, तिनं मान लांब करून बसल्या बसल्या कडब्याची दोन धाटं ओढून घेतले. ओसरीतून आईचा आवाज आला, "तिला घाई करू नको, गाभणी हाय. तिला वाटलं की उठंल." माझे पाय बधिर झाले. शेवटी मी कंटाळून उठले, मोबाइल अजून हातात चालूच होता, आणि भुरी माझ्यापाठोपाठ उठली. गुडघे, मग मागचा भाग हवेत, मग एक लांब उसासा आणि पुढचे पाय. तेवढं दहा सेकंदांचं चित्रण मी तन्मयला पाठवलं.

त्याचा फोन आला. हसत होता, पण शरमलेलाही होता. "मनीषा, खरं सांगू? माझ्याकडे घोड्याच्या हालचालींचा सांगाडा तयार होता. त्याच्यावरच गाय चढवली. वर्ष झालं. कुणाच्याच लक्षात आलं नाही." मग म्हणाला, "हे सगळं तुला सांगतं कोण?"

हुरड्याचे दिवस तोवर भरात आले होते. आप्पा संध्याकाळी कणसं घेऊन यायचे आणि आईसाठी अंगणातच छोटी आगटी करायचे, कारण ती रानात येऊ शकत नव्हती. मी एका हातानं दाणे खायचे, दुसऱ्या हातानं माउस. स्क्रीनवर काळे डाग पडायचे. आमच्या त्या खेळात ज्वारीसुद्धा होती, पण ती आज हिरवी असायची आणि उद्या पिकलेली. मधलं काही नव्हतं. मी आईला तसं सांगितलं तर तिला फार वाईट वाटलं. "म्हंजी त्या लोकान्ला हुरडाच न्हाई?" जणू त्या खोट्या गावात कुणी उपाशी झोपत होतं.

तेव्हा कंपनीत सगळ्यांची झोप उडवणारा बिघाड वेगळाच होता. संध्याकाळी आठ गाई गोठ्याकडे परतायच्या आणि फाटकात अडकायच्या. आठही एकाच वेळी आत घुसायच्या, एकमेकींत रुतायच्या आणि तिथेच थरथरत उभ्या राहायच्या. मग पुढचा दिवस उगवायचाच नाही. खेळ बंद. फाटक रुंद करून पाहिलं, तर त्या कुंपणात रुतायला लागल्या. वेग बदलून पाहिला. दोन महिने कुणाला उत्तर सापडत नव्हतं आणि ते सापडल्याशिवाय खेळ लोकांपुढे येणार नव्हता. खेळ आला नसता तर माझ्यासारख्या नवीन माणसांना आधी घरी पाठवलं असतं.

मी तो थरथरणारा ढीग आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. हातातले दाणे तसेच.

"यांच्यात म्होरकी कोण हाय?"

"म्होरकी?"

"पुढं चालणारी. कळपात एक असती. ती आधी जाती, तिच्यामागं तिची सोबतीण, मग बाकीच्या. सगळ्याचा मार खानारी शेवटी. आसं एकदम कोण घुसतं? माणसं घुसतेत यष्टीत." ती दाणे तोंडात टाकत म्हणाली, "ही जनावरं एकमेकीला वळखतच न्हाईत, मने. नुसती शेजारी शेजारी उभी केलीत."

मी हे तन्मयला फोनवर सांगितलं. त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काकूंना व्हिडिओवर देतेस?"

आईनं आधी केस सारखे केले, पदर डोक्यावर घेतला. स्क्रीनवर तन्मय दिसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" मग त्यानं विचारायला सुरुवात केली. वही घेऊन बसला होता. म्होरकी कोण हे कसं ठरतं?

"ठरवत न्हाई कुनी. जिला वाट ठाव हाय, तिच्यामागं जातेत."

"आणि ती मेली तर?"

"मग दोन-चार दिवस गोंधळ. कुनी हिकडं, कुनी तिकडं. मग दुसरी व्हती."

"आणि दोघींना पुढे जायचं असेल तर?"

"मग व्हती मारामारी," आई आनंदानं म्हणाली. "ती बी घाल तुझ्या खेळात."

पाच दिवसांनी नवीन आवृत्ती आली. संध्याकाळ झाली. स्क्रीनवर आठ गाई टेकडीवरून उतरल्या. फाटकाजवळ आल्यावर सात थांबल्या. एक पांढरी पुढे झाली, आत गेली. मग दुसरी. मग तिसरी. एका तांबड्या गाईनं मध्येच घुसायचा प्रयत्न केला, तिला शिंगाचा हलका धक्का बसला, ती मागे सरली. शेवटची आत गेली आणि खेळात पुढची सकाळ उगवली. पुण्याच्या ऑफिसातला टाळ्यांचा आवाज लॅपटॉपमधून आमच्या ओसरीत आला. आई म्हणाली, "ह्यात टाळ्या वाजवन्यासारकं काय हाय?" पण कानापर्यंत हसत होती. त्या दिवशी ती दीड भाकरी जेवली.

त्याच आठवड्यात भुरी व्याली. सकाळचे नऊ वाजले होते. आईला खुर्चीवर बसवून आम्ही गोठ्यात नेलं आणि ती तिथून हुकूम सोडत राहिली. "वढू नको. आपोआप येऊ दे. आता धर. आता!" ओलंचिंब, काळं, लांब पायांचं पिल्लू माझ्या हातांवर आलं. वगार. भुरी तिला चाटत होती आणि मधूनच माझे हातही चाटत होती, खरखरीत जिभेनं. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच मला विचारलं, "तू घाबरली न्हाईस?" मी घाबरले होते, पण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड घेऊन गोठ्यात गेले. भुरी बसलेली होती. मान वळवून कुशीवर टेकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. महिनाभरापूर्वी मी म्हटलं असतं, दमलीय बिचारी, झोपू दे. पण मी तिच्या कानांकडे पाहिलं. त्यांवर माशा बसल्या होत्या आणि कान हलत नव्हते.

मी हाक मारली. भुरीनं उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यावर आली, पण मागचा भाग वर उचलेना. पुन्हा बसली.

मी ओसरीत पळाले. "आई, भुरीचे कान हलत नाहीत."

आई एकदम कोपरावर उठली. "हात लावलास का? गार हायत?"

"गार आहेत."

"मान?"

"कुशीवर टाकलीय. मागून उठता येईना तिला."

"इनामदार डॉक्टरला फोन लाव. आत्ता. आन् मला तिच्यापाशी न्या."

आप्पांनी आणि मी बाजेसकट आईला उचललं आणि अंगणातून गोठ्यात नेलं. गुरांचे इनामदार डॉक्टर केजहून मोटारसायकलवर यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आई बाजेच्या कडेवर वाकून भुरीच्या मानेवरून हात फिरवत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. वगार आईच्या प्लास्टरला ढुशा देत होती.

डॉक्टरांनी आल्या आल्या कानाला हात लावला, डोळा उघडून पाहिला. "अंगातलं कॅल्शियम उतरलंय, भाभी. व्याल्यावर होतं. उशीर झाला असता तर हातची गेली असती." मानेच्या शिरेत सुई गेली. बाटली मी उंच धरली. "हळूहळू जाऊ द्या. एकदम गेलं तर काळीज थांबतं," ते म्हणाले. माझा खांदा भरून आला, पण मी हात खाली घेतला नाही. अर्धी बाटली संपली तेव्हा भुरीच्या अंगावरून एक थरथर गेली. मग तिनं मोठी ढेकर दिली. डॉक्टर हसले, "लई भारी!" मग उजवा कान हलला. माशा उडाल्या.

बाटली संपल्यावर डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. भुरी गुडघ्यांवर आली. एक क्षण तशीच थांबली. आणि मग मागचे दोन्ही पाय ताठ झाले, शेपटी उंच गेली, एक लांब उसासा, आणि ती उभी राहिली. वगार ताबडतोब तिच्या पोटाखाली शिरली. आई रडत होती, हसत होती आणि डॉक्टरांना म्हणत होती, "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

चहा पिताना डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या लवकर ओळखलं कुणी?"

"माज्या पोरीनं," आई म्हणाली. "ती कंपूटरमदी जनावरंच बघती दिवसभर."

मला नोकरीत ठेवलं. ते पत्र आलं त्या दिवसाचं मला विशेष काही आठवत नाही. पण आईचं प्लास्टर निघालं तो दिवस आठवतो. हुरडा संपत आला होता, दाणे टणक व्हायला लागले होते. एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी ती रानापर्यंत चालत गेली. मध्ये तीनदा थांबली. आप्पांनी शोधून शोधून अजून दुधाळ असलेली चार कणसं बाजूला ठेवली होती. ती चारही तिनंच खाल्ली.

आता तो खेळ पुष्कळ लोक खेळतात. त्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. यंदा गावी आल्यावरही मी सकाळी अंगणात बसून त्या वाचत होते. आई शेजारी शेंगा फोडत होती. एक तक्रार अकोल्याच्या कुणा मुलीची होती, मराठीत लिहिलेली. 'परीक्षेमुळे वीस दिवस खेळले नाही. आता माझी गाय माझ्याकडे पाठ करून उभी राहते. मी इकडून गेले की ती तिकडे वळते. हा बिघाड आहे का?'

मी तन्मयला विचारलं. तो म्हणाला, असं काही आपण केलेलंच नाही, बघावं लागेल, कुठेतरी दिशा अडकली असेल.

आईला वाचून दाखवलं. तिनं शेंग फोडायची थांबवली. मी दिवाळीला आले नव्हते, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

"बिघाड कसला? रुसली ती," आई म्हणाली. "तिला म्हनावं, वैरण-बिरण काय नेऊ नको. नुसती जवळ जाऊन हुबी ऱ्हा. पाठीवरनं हात फिरव. लगेच न्हाई वळायची. थांब म्हनावं थोडं."

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं.

दुपारी आगटीजवळ बसलो होतो तेव्हा त्या मुलीचं उत्तर आलं. एकच शब्द होता.

'वळली.'